कोटातील उद्यान आणि काळ्या घोड्याचा परिसर

मुंबईच्या कोटात, जेथे जमिनीचा इंचन् इंच सोन्याच्या भावाने मोजला जातो आणि रिझर्व्ह बँकेपासून शेअरबाजारापर्यंत सारी अर्थसत्ता हाकेच्या अंतरात एकवटलेली आहे, तेथे ऐन मध्यभागी सुमारे अडीच एकरांचे एक वर्तुळाकार उद्यान दीडशे वर्षे अबाधित राहिले आहे. आणि त्या उद्यानापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात ग्रंथालये, वस्तुसंग्रहालय, चित्रदालने, महाविद्यालय आणि दफ्तरखाना यांची अशी दाट वस्ती झालेली आहे की तिच्या तोडीचा परिसर भारतातील दुसऱ्या शहरात क्वचितच आढळेल. हे उद्यान म्हणजे हॉर्निमन सर्कल आणि तो परिसर म्हणजे काळा घोडा. पाहुण्यांना मुंबई दाखवावयास निघालेला गृहस्थ ही दोन ठिकाणे निरनिराळी मोजतो. परंतु दोहोंची कुळकथा एकच आहे. सरकारच्या किंवा नगरपालिकेच्या हाती असलेली मोकळी जमीन, धनिकांनी सैल सोडलेली थैली आणि जातिधर्माचा विचार न करता सर्वांना खुला ठेवलेला उपयोग, या तीन गोष्टींचा मेळ एका विशिष्ट काळी बसला आणि त्यातून हा परिसर जन्मास आला. तो मेळ कसा बसला, हे समजून घेतल्यावाचून या वास्तूंचे सौंदर्य अर्धेच कळते.

आरंभ करावा लागतो तो तटबंदीपासून. अठराव्या शतकाच्या प्रारंभी, गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, इंग्रजांच्या या ठाण्याभोवती दगडी तट उभा राहिला आणि त्याला अपोलो, चर्च व बाजार असे तीन दरवाजे ठेवण्यात आले. पुढे १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकून घेतली, तेव्हा मराठी फौजांची पुढची मजल मुंबईवरच येणार अशी धास्ती इंग्रजांना पडली आणि येथील व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून तटाबाहेर खंदक खोदविण्यास हातभार लावला. शत्रूला आडोसा मिळू नये व तोफांच्या माऱ्याला आडकाठी होऊ नये, म्हणून तटाबाहेरची घरे आणि माडांची झाडे हटवून एक विस्तीर्ण पट्टा मोकळा राखण्यात आला. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज या नावांनी आपण ज्या मैदानांना ओळखतो, ती त्या लष्करी पट्ट्याचीच शकले होत. मुंबईच्या दक्षिण टोकाला आज जो थोडाबहुत मोकळा श्वास उरला आहे, त्याचे श्रेय काही अंशी मराठ्यांच्या दराऱ्यालाही द्यावे लागेल.

तटाच्या आत मात्र मोकळी जागा अशी एकच होती. चर्चगेटला ज्या चर्चमुळे हे नाव पडले, त्या १७१८ साली उघडलेल्या सेंट थॉमस चर्चसमोर एक ऐसपैस पटांगण होते आणि त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत. नाव हिरवळीचे असले तरी येथे मुख्यतः कापसाचे राज्य असे. गुजरातेतून व देशावरून आलेल्या कापसाचे गठ्ठे येथे रचून ठेवलेले असत, सौदे येथेच होत आणि पावसाळ्यापूर्वी गठ्ठे जहाजांवर चढेपर्यंत माणसाला वाट काढणे कठीण होई. १८४४ साली कापसाचा हा बाजार कुलाब्याला हलविण्यात आला. मात्र त्यानंतर त्या जागेचा धनी कोणी उरला नाही आणि भर शहरातील हे पटांगण धुळीचे व केरकचऱ्याचे आगर बनले.

या पटांगणाचे उद्यानात रूपांतर करण्याची कल्पना ज्याला सुचली, तो कोणी वास्तुशास्त्रज्ञ नव्हता. चार्ल्स फोर्जेट हा मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख होता आणि १८५७ च्या उठावाच्या वेळी शहरावर त्याने ठेवलेली करडी नजर इतिहासात नमूद आहे. पटांगणाच्या मध्यभागी बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या धाटणीच्या इमारतींचे कडे, असा आराखडा त्याने पुढे केला. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने तो उचलून धरला आणि पुढे गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर याने तो तडीस नेला. कारभाराची युक्ती मोठी मार्मिक होती. नगरपालिकेने सारी जमीन विकत घेतली, तिचे भूखंड पाडले आणि ते व्यापाऱ्यांना नफ्याने विकले. मात्र बांधकाम कसे करावयाचे, हे खरेदीदाराच्या मर्जीवर सोडले नाही, तर दर्शनी भागाची धाटणी ठरवून दिली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, हिंदुस्थानच्या कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुराच्या भरात शेकडो लोकांनी सट्टा करून १८६५ च्या मंदीत हात पोळून घेतले; पण त्याच पुराचे पाणी ज्यांनी पाटाने वळविले, त्यांच्या हातून हे वर्तुळ उभे राहिले. १८७२ साली मधली बाग पूर्ण झाली आणि त्या स्थळाला एल्फिन्स्टन सर्कल हे नाव मिळाले.

या वर्तुळाभोवती सावकाश एक फेरी घालावी. इमारतींचे तळमजले कमानींच्या सलग ओवऱ्यांनी जोडलेले आहेत, त्यामुळे ज्येष्ठातल्या उन्हात आणि आषाढातल्या धारेत पादचाऱ्याला कोरड्या सावलीतून चालता येते. प्रत्येक कमानीच्या माथ्यावरच्या कळीच्या दगडात एकेक मुखवटा कोरलेला आहे आणि एका बाजूने नुसता चालत जाणारा माणूसही थांबून वर पाहू लागला, तर त्या दगडी चेहऱ्यांतील भाववैचित्र्यात बराच वेळ रमून जातो. इमारतींची ओळ सरळ नसून चापाकार आहे आणि प्रत्येक चाप बागेकडे तोंड करून आहे. पश्चिमेला सेंट थॉमस कॅथीड्रलचा मनोरा आणि पूर्वेला टाउन हॉलचे स्तंभ, अशा दोन टोकांमध्ये ही सारी रचना तोलून धरलेली आहे. बागेच्या आसपासच वडाच्या झाडाखाली मुंबईचे पहिले शेअरदलाल १८५० च्या दशकात जमत, अशी परंपरा आहे. त्याच दलालांच्या मंडळातून १८७५ साली शेअरबाजाराची रीतसर संस्था निघाली. जवळच ‘मुंबई समाचार’ची तांबड्या रंगाची कचेरी आहे, १८२२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेले हे गुजराती पत्र आशियातील अखंड चालू असलेले सर्वांत जुने वृत्तपत्र होय. व्यापार, धर्म, वृत्तपत्र आणि विद्या यांची स्थाने एका बागेभोवती अशी शेजारी नांदू लागली.

स्वातंत्र्यानंतर या वर्तुळाचे नामांतर झाले, आणि ते अत्यंत समर्पक झाले. बेंजामिन गाय हॉर्निमन हे जन्माने इंग्रज, परंतु फिरोजशहा मेहता यांनी काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक या नात्याने त्यांनी हिंदी स्वातंत्र्याचा पक्ष निर्भयपणे मांडला. १९१९ साली पंजाबातील अत्याचारांची वार्ता सरकारी निर्बंध झुगारून प्रसिद्ध केल्याबद्दल त्यांना हद्दपार करण्यात आले. गव्हर्नराचे नाव पुसून त्या जागी संपादकाचे नाव आले. राज्यकर्त्यांच्या नावाच्या पाट्या बदलण्याच्या त्या काळात एका इंग्रजाची पाटी काढून दुसऱ्या इंग्रजाची लावली गेली, यात त्या पिढीचा विवेक दिसतो.

बागेच्या पूर्वेस टाउन हॉलच्या तीस पायऱ्या आहेत. बॉम्बे इंजिनिअर्सच्या कर्नल थॉमस कूपर याने योजिलेली ही इमारत १८३३ साली पुरी झाली. तिच्या खर्चासाठी आधी सोडती काढण्यात आल्या आणि उरलेला भार कंपनी सरकारने उचलला. येथे नांदणाऱ्या एशियाटिक सोसायटीचा उगम १८०४ सालचा. मुंबईचे न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापिलेल्या लिटररी सोसायटीतून ती वाढली. आरंभी ती केवळ गोऱ्यांची होती. १८४० साली माणेकजी करसेटजी यांना प्रवेश मिळाला आणि पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानांनी अजिंठ्याच्या शिलालेखांसारखे विषय घेऊन तिच्या नियतकालिकात लेखन केले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याच्या स्तूपात उत्खनन करून काढलेले बौद्ध अवशेष आणि इटालियन महाकवी दांते याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची चौदाव्या शतकातील हस्तलिखित प्रत, ही दोन रत्ने या एकाच संस्थेच्या संग्रहात आहेत. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे या संस्थेशी दीर्घकाळ निगडित होते. आत गेल्यावर उंच छताखालची लाकडी तक्तपोशी, लोखंडी गोल जिने, जाड पुठ्ठ्यांच्या ग्रंथांची कपाटे आणि संगमरवरी पुतळे दिसतात. त्या पुतळ्यांत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम यांच्याबरोबर आपल्या जगन्नाथ शंकरशेट यांचाही पुतळा आहे, आणि शिक्षण, आगगाडी व नगरकारभार या तिन्ही क्षेत्रांत मुंबईच्या उभारणीला खांदा देणाऱ्या त्या पुरुषाला येथे मिळालेले स्थान त्याच्या योग्यतेचेच आहे. व्हिक्टोरिया राणीचा १८५८ चा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. आज त्याच पायऱ्यांवर परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी, दुपारचा डबा सोडलेले कारकून आणि रेखाचित्रे काढणारे कलाविद्यार्थी निवांत बसलेले असतात.

आता कोटाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. फ्रियर याने १८६० च्या दशकात तट पाडण्याचा हुकूम दिला. निरुपयोगी झालेली ती भिंत शहराचा गळा आवळीत होती. ती जाताच मैलभर लांबीची मोक्याची सरकारी जमीन एकाएकी मोकळी झाली. तट हलविण्याच्या कामी एक समिती नेमण्यात आली, तिच्याकडे जेम्स ट्रबशॉ हा वास्तुकार देण्यात आला आणि विकलेल्या भूखंडांच्या रकमेतून सार्वजनिक इमारतींचा एक सुसूत्र कार्यक्रम आखला गेला. जेथे चर्चगेटचा दरवाजा होता, तेथे १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले. त्याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिल्याचे स्मारक पुढे उभारले गेले आणि त्याला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. बागेकडून काळ्या घोड्याकडे जाणाऱ्या माणसाला या चौकातून वळण घेता येते, आणि घ्यावेच. तटाची आठवण मात्र एका रस्त्याने जपली: आज ज्याला के. दुभाष मार्ग म्हणतात, तो रॅम्पार्ट रो तटाच्याच रेषेवर वसलेला आहे.

या नव्या जमिनीवर आलेली एक आरंभीची विद्यासंस्था ही कामगारांची होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सरकारी टांकसाळीतील व गोदीतील तरुण कारागिरांनी १८४७ साली यंत्रविद्येच्या अभ्यासासाठी एक मंडळ काढले होते. बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली आणि १८७० साली मालाडच्या पिवळ्या दगडातील टोकदार कमानींची सुबक वास्तू तयार झाली. जिन्यापाशी ससून यांचा शुभ्र संगमरवरी पुतळा आहे, वरच्या मजल्यावर ऐसपैस वाचनालय आहे, सज्जात पाय पसरून बसण्याच्या आरामखुर्च्या आहेत आणि मागच्या अंगाला, रस्त्यावरून ज्याची कल्पनाही येत नाही असे, झाडांनी भरलेले आवार आहे. ससून घराण्याच्या संपत्तीत कापसाबरोबर अफूच्या व्यापाराचाही वाटा होता, हे इतिहासाने लपवू नये. परंतु त्या संपत्तीचा जो भाग या ग्रंथालयात आला, तो शंभर-दीडशे वर्षे गरजू वाचकाच्या कामी आला, हेही तितकेच खरे.

शेजारीच १८८८ मध्ये पूर्ण झालेली एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत असून तिच्याच एका भागात महाराष्ट्र शासनाचा पुराभिलेख विभाग आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला कंपनी सरकारच्या कारभाराची दफ्तरे येथे धुंडाळावी लागतात. या इमारतींसमोरच्या चौकात १८७९ साली ससून यांचे चिरंजीव अल्बर्ट यांनी युवराज एडवर्ड याचा अश्वारूढ पुतळा बसविला. पुतळा राजपुत्राचा, पण काळ्या धातूचा घोडाच लोकांच्या डोळ्यांत भरला आणि साऱ्या परिसराला त्याने आपले नाव दिले. जवळच वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडाचा सांगाडा उभा राहिला होता. त्याचे भाग विलायतेत ओतून जहाजाने येथे आणले होते. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ झाला आणि त्याचे तिकीट एक रुपया होते.

याच परिसरातील वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी पुढचा युवराज जॉर्ज याच्या हस्ते झाली. जॉर्ज विटेट या वास्तुकाराने विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट आणि एतद्देशीय कमानी, सज्जे व जाळ्या यांचा मेळ घालून, कुर्ल्याचा निळसर बसाल्ट व मालाडचा पिवळा दगड वापरून ही वास्तू रचली. ती १९१४ साली बांधून झाली. परंतु महायुद्धात तिचे लष्करी इस्पितळ झाल्याने १९२२ साली ती लोकांस खुली झाली. मध्य दालनातील लाकडी कमानींचा मंडप नाशिकच्या एका वाड्यातून विटेटने विकत घेऊन येथे बसविला आहे. आणि शेट पुरुषोत्तम मावजी यांच्याकडून १९१५ साली घेतलेल्या संग्रहात खुद्द नाना फडणविसांच्या संग्रहातील वस्तू आहेत. पेशवाईच्या मुत्सद्द्याने जपलेल्या वस्तू इंग्रजी राजपुत्राच्या नावे निघालेल्या संग्रहालयात पोहोचाव्यात आणि १९९८ पासून ते संग्रहालय छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जावे, हा कालप्रवाह विचार करण्याजोगा आहे. पुढे थोर पक्षिशास्त्रज्ञ झालेले सालिम अली यांनी १९२६ मध्ये याच संग्रहालयाच्या निसर्गविभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून काम केले.

चित्रकलेचे वळण यानंतरचे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून विटेटने १९११ साली सभागृह बांधले होते; तेच १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झाले आहे. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, आणि त्यातील हरी अंबादास गाडे व सदानंद बाकरे हे दोघे मराठी होते. या पिढीला हक्काचे दालन हवे होते. ते १९५२ साली मिळाले: दुसऱ्या सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ जहांगीर आर्ट गॅलरी बांधून दिली आणि तिचे उद्घाटन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते झाले. तिच्या दाराशी लाटेसारखी वळसे घेत पुढे आलेली सिमेंट-काँक्रीटची छत्री आजही नवी दिसते. बाहेरच्या फुटपाथवर मांडलेल्या चित्रांत व आतल्या भिंतीवर टांगलेल्या चित्रांत फक्त एका दाराचे अंतर आहे. तरुण चित्रकाराला त्या अंतराची आशा वाटते, ही या जागेची खरी किमया. अरुण कोलटकरांसारखा द्वैभाषिक कवी याच चौकातल्या वेसाइड इनमध्ये बसून रस्त्यावरच्या जीवनाकडे पाहत असे. त्याच्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहाचे (२००४) नाव याच स्थळावरून आले आहे.

या परिसराला अवकळाही आली होती. १९६५ साली काळ्या घोड्याचा पुतळा भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात नेण्यात आला आणि चौकात त्याच्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. वॉटसन हॉटेलची इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन या नावाने मोडकळीस आलेल्या अवस्थेत उभी आहे. सावरण्याचे काम दोन दिशांनी झाले. १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा-संरक्षणाची नियमावली आली. तिच्यात वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या, सुट्या इमारतींबरोबर संपूर्ण परिसरालाही संरक्षण मिळाले आणि पाडकामाचा किंवा दर्शनी भागातील फेरफाराचा अर्ज तज्ज्ञ समितीपुढे जाऊ लागला. १९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्या वर्षापासून दरवर्षी नऊ दिवसांचा, विनामूल्य कलामहोत्सव भरू लागला. त्याच्या मिळकतीतून येथील वास्तूंच्या डागडुजीला साहाय्य होते. २०१७ साली चौकात पुन्हा काळा घोडा उभा राहिला, मात्र या वेळी त्याच्यावर स्वार नाही. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तरीही महोत्सवाच्या दिवसांतील लोटालोट पाहिली, की वाटते, वर्षातल्या नऊ दिवसांच्या जत्रेवर एखादा परिसर जगत नाही. त्याला वर्षभर येणारा वाचक, पाहणारा आणि वर्गणीदार लागतो.

माझा निष्कर्ष साधा आहे. येथील बहुतेक वास्तू केवळ बाजाराच्या हिशेबाने उभ्या राहिल्या नसत्या. भर कोटातले अडीच एकर मोकळे ठेवणे आणि कारागिरांच्या वाचनालयाला मोक्याची जागा देणे, हे निर्णय कोणीतरी जाणूनबुजून घेतले. नगरपालिकेने जमीन राखली, धनिकाने पैसा दिला आणि विद्वानांनी व कलावंतांनी आयुष्ये वेचली. आजची मुंबई त्या काळाहून कितीतरी श्रीमंत आहे, परंतु उपनगरांत असे एक वर्तुळ, असे एक वाचनालय, असे एक चित्रदालन शेजारी शेजारी उभारण्याची उमेद अद्याप दिसत नाही. नगरपालिकेने नव्या वस्त्यांचे आराखडे करताना फोर्जेटचा हा धडा ध्यानी घ्यावा. आणि वाचकहो, आपण आपल्या परीने इतके तरी करावे: सुट्टीच्या गर्दीत नव्हे, एखाद्या साध्या वारी मुलांना घेऊन जावे, ससून वाचनालयाचे किंवा एशियाटिकचे सभासद व्हावे, जहांगीरमध्ये एका नव्या चित्रकाराचे प्रदर्शन नीट पाहावे आणि हॉर्निमन सर्कलच्या बाकावर घटकाभर बसावे, कारण ज्या सार्वजनिक जागेला नित्याचे वापरणारे असतात, तिच्यावर हात टाकण्याची हिंमत सहसा कोणाला होत नाही.